वगळलेली नावं

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर जत्रा कमिटी उद्या माझ्या दारात येऊन बसेल, आणि त्या कमिटीच्या तोंडी लागण्यापेक्षा साप पोसलेला बरा. एवढं पुरे, की बेळगावची उद्यमबाग मागं टाकून मच्छे गावाच्या पुढं गेलं की डाव्या हाताला एक फाटा फुटतो, आणि त्या फाट्यानं आत गेलं की हे गाव लागतं. यंदा तिथं लक्ष्मीची जत्रा. अठरा वर्षांनी एकदा येणारी.

आमच्या बेळगावकडची जत्रा म्हणजे नुसते पाळणे आणि भजी नव्हेत. जत्रेआधी गाव पाच मंगळवार ‘वार’ पाळतं. त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कुणी अवजाराला हात लावायचा नाही. नांगर नाही, विळा नाही, गिरणी नाही, शिलाईचं मशीनही नाही. आता अठरा वर्षांत जगात इतकी यंत्रं आली, की अवजार नेमकं म्हणायचं कशाला यावरच कमिटीच्या दोन बैठका गेल्या. शेवटी ठरलं, की मोबाइलवर बोललं तर चालेल, कारण बोलणं हे काही काम नव्हे. ज्यांनी हे ठरवलं त्यांना दिवसभर दुसरं काम नव्हतंच. पण मोटर, ट्रॅक्टर, मिक्सर आणि कॉम्प्युटर ही अवजारं. त्या दिवशी ती चालू करायची नाहीत, आणि चालू राहिलीच तर बंद करायलाही हात लावायचा नाही. हात लागला की वार मोडला.

हा वार राखायचं काम भरमूकडं होतं. भरमू उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं साचे भरत होता आणि आता घरची शेती बघत होता. सरळ माणूस, पण दगडासारखा. पहिल्याच मंगळवारी शेजारच्या गुंडूनं परड्यात बसून विळ्याला धार लावली, तर भरमूनं त्याला चारचौघांत असा झाडला की गुंडू आठ दिवस मान वर करून चालला नाही. गुंडूनं तो राग गाठीला बांधून ठेवला होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

भरमूच्या धाकट्या लेकीचं नाव आरोही. बीसीए करून नोकरी शोधत होती. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशात तिनं बेळगावातल्या विक्रमच्या दुकानातनं एक जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप आणला. कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला, कोपरे झिजलेला, आणि बॅटरी अशी की वायर काढली की पाच मिनिटांत डोळे पांढरे करायची. विक्रमनं आधीच सांगितलं होतं, ‘‘विंडोज ह्याच्यावर रांगत चालंल. लिनक्स घाल. फुकट हाय आणि पळतंय बग कसं.’’ तिनं पेनड्राइव्ह लावून घरीच लिनक्स घातलं. डिस्कवरचं जुनं सगळं पुसून टाकू का, असं यंत्रानं एकदा विचारलं, तिनं हो म्हटलं, आणि वीस मिनिटांत मागच्या मालकाचं नामोनिशाण गेलं. भाषा तिनं मराठी निवडली. यंत्र आपल्याशी आपल्या बोलीत बोलतंय याचं तिला पहिले चार दिवस भारी कौतुक वाटलं.

एक खोड मात्र गेली नाही. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉप आपोआप चालू व्हायचा. कुणी हात लावायच्या आधी पंखा घुर्र करायचा आणि पडदा उजळायचा. विक्रमला फोन केला तर तो हसला. ‘‘पहिल्या मालकानं यंत्राच्या पोटात वेळ लावून ठेवलीय. डिस्क पुसली तरी ती पुसत न्हाय. बदलायची तर त्याचा पासवर्ड पायजे, आणि तो मालक कुठं हाय देवाला ठावं.’’ त्या ऑफिसला मंगळवारी आणि रविवारी सुट्टी असावी, कारण त्या दोन दिवशी लॅपटॉप गप्प राहायचा. आरोहीची आई मालुबाई यावरही खूश होती. ‘‘बग, त्येलासुदीक वार कळतोय,’’ असं ती शेजारणींना सांगायची. आपल्याच माणसांना न कळलेलं त्याला कळतंय, असा त्यात एक टोमणा असायचा.

जत्रेला गावच्या सगळ्या लेकींना बोलावणं जातं. सासरी गेलेली लेक, मग ती पुण्यात असो की नंदगडात, तिच्या नावाची पत्रिका निघालीच पाहिजे. ज्या लेकीला बोलावणं नाही तिनं यायचं नाही. मागच्या जत्रेची यादी आण्णाप्पा मास्तरांच्या हातची, एका लांब वहीत. ती आरोहीनं कॉम्प्युटरवर घ्यायची, नव्या लेकी घालायच्या आणि मधल्या अठरा वर्षांत वारलेल्या काढायच्या, असं कमिटीनं ठरवलं. काम फुकटचं, पण मानाचं.

आरोहीनं ते मन लावून केलं. वारलेलं नाव एकदम खोडून टाकायला तिचा जीव धजला नाही. चूक झाली असेल तर, एखादी जिवंत असेल तर? म्हणून तिनं दुसरा एक कागद उघडला, त्याला ‘वगळलेली नावं’ असं शीर्षक दिलं, आणि प्रत्येक वारलेल्या लेकीचं नाव मूळ यादीतनं उचलून तिथं नेऊन ठेवलं. नावं तपासायची तिची एक रीत होती. लिनक्समध्ये आंधळ्या माणसांसाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक आवाज असतो. तो तिनं चालू ठेवला होता. आवाज यादी वाचायचा आणि ती मास्तरांच्या वहीवर बोट ठेवून ताडून बघायची. बाईचा आवाज होता, पण माणसाचा नव्हे. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, आणि प्रत्येक नावानंतर दमानं थांबणारा. मालुबाईला तो आवाज मुळीच आवडायचा नाही.

वगळलेल्यांत छत्तीस नावं झाली.

आता त्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात कुणी सांगत नसे. आरोहीला एक थोरली बहीण होती, तेजस्वी. अकरा वर्षांपूर्वी तिनं निपाणीच्या दीपंकरशी लग्न केलं. दीपंकर भरमूच्याच फाउंड्रीत लोखंड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत साहेब होता. ‘असा हुशार पोरगा बघितला न्हाय,’ म्हणून भरमूनंच त्याला एकदा घरी चहाला आणलं होतं. पण हुशारी वेगळी आणि सोयरीक वेगळी. दीपंकर बौद्ध, आणि आपण मराठा, एवढ्या एका गोष्टीवर भरमूनं पोटच्या पोरीवर पाणी सोडलं. लग्न झाल्याची बातमी आली त्या दिवशी तो परड्यात गेला, डोक्यावर गार पाण्याच्या दोन घागरी ओतून घेतल्या, आणि तेजस्वीच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. गल्लीनं ते बघितलं. त्या दिवसापासून गावाच्या लेखी ती मेलेली होती. लोक काय, शहाण्याला वेडा ठरवतात आणि जित्याला मेला. आपलं मत कुणी विचारलं नव्हतं म्हणून मी तेव्हा गप्प बसलो, याची मला अजून लाज वाटते. आरोही तेव्हा दहा वर्षांची होती. आक्काची वेणी आपण घातली होती की आक्कानं आपली, एवढंही तिला धड आठवायचं नाही. पण आक्का परत यावी, ही एक इच्छा तिनं अकरा वर्षं जपली होती. जत्रेची यादी हाती आली तेव्हा तिला वाटलं, आता नाही तर अठरा वर्षं नाही. तिनं घराच्या ओळीत लिहिलं: तेजस्वी भरमू, सासर निपाणी.

तिसऱ्या वाराच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, ते भरमूनं बघितलं.

सोमवारी गिरणीवर झुंबड असते, कारण दुसऱ्या दिवशी दळण नाही. गिरणी यांच्या घराला लागूनच. तिच्या घरघरीत काही ऐकू येईना म्हणून आरोहीनं लॅपटॉपचा आवाज पुरता वाढवला होता. आवाज यांच्या ओळीवर आला, तेजस्वीचं नाव त्यानं घेतलं, आणि मागं भरमू उभा होता.

‘‘ह्ये कुणी लिवलं?’’

‘‘मी, आप्पा.’’

‘‘मेलेल्यांची नावं कुठं ठेवतीस?’’

‘‘त्यो येगळा कागद हाय.’’

‘‘मग तिथं ठेव की. हितं कशापायी?’’

मालुबाई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं. डबा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. अकरा वर्षांत तिनं ते नाव तोंडातनं काढलं नव्हतं.

आरोहीनं नाव उचललं आणि वगळलेल्यांच्या शेवटी ठेवलं. दोन बोटांचं काम. सदतिसावं नाव. भरमू ते होईपर्यंत हलला नाही. तो गेल्यावर तिला स्वतःची किळस आली. वडिलांनी एकदा मारलं होतं आक्काला, आज मी मारलं, असं तिला वाटलं, आणि ते तिच्या मनातनं जाईना. कागद जतन करावा की नको या विचारात ती बसली असतानाच लाइट गेली. गिरणी थांबली. थकलेल्या बॅटरीनं दोन मिनिटं दम धरला आणि लॅपटॉप विझला. जतन केलं नव्हतं. बरं झालं, ती म्हणाली, आणि लॅपटॉप तसाच टेबलावर खिडकीशी ठेवून झोपायला गेली.

मंगळवारची सकाळ. वार पाळणारं गाव ज्यानं ऐकलं नाही त्याला ती शांतता सांगून कळायची नाही. गिरणी नाही, मोटर नाही, झाडूची सळसळसुद्धा नाही. कोंबडा आरवला तरी आपण काही मोडलं की काय अशा बेतानं आरवतो. लोक कट्ट्याकट्ट्यांवर हात मांडीत घेऊन बसलेले. भरमू दारातल्या कट्ट्यावर होता, मालुबाई उंबऱ्याशी, आरोही पायरीवर. समोरच्या दारात नागोजी आज्जा बसलेला, ऐंशीच्या घरातला, कानानं अजून शाबूत. लाइट पहाटेच आली होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी आतून पंखा घुरघुरला.

आरोहीनं चमकून मागं बघितलं. आज मंगळवार. मंगळवारी हा कधी उठत नव्हता. मागचे दोन्ही वार मुकाट गेले होते. खिडकीतनं पडदा उजळलेला दिसला. लिहायचा प्रोग्राम तिनं सुरुवातीलाच उघडेल असा लावून ठेवला होता, तो उघडला. मग मधोमध एक चौकट आली, ती तिला ओळखीची होती. यंत्र मध्येच बंद पडलं की ती विचारते, अर्धवट राहिलेला कागद परत आणू का? कुणीतरी ‘हो’ म्हणून कळ दाबेपर्यंत ती चौकट तिथंच राहते. तासभर राहील, दिवसभर राहील. टेबलाजवळ कुणी नव्हतं. घरात कुणी नव्हतं. चौकट गेली.

‘‘वगळलेली नावं,’’ तो आवाज म्हणाला.

गिरणीवर मात करायला वाढवलेला आवाज होता तो. आज गिरणी नव्हती. गल्लीच्या पार टोकाला मारुतीच्या देवळापर्यंत तो गेला असणार.

‘‘जयाबाई नागोजी. सासर नंदगड.’’

नागोजी आज्जाची काठी हातातनं सुटली. जयाबाई त्याची लेक. चौदा वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. त्यानं मान वर केली, खिडकीकडं बघितलं, आणि लहान पोराला जेवायला हाक मारावी इतक्या सहज म्हणाला, ‘‘ये गं बाई. ये.’’

‘‘तानीबाई आण्णाप्पा. सासर खानापूर.’’

दारं उघडली. माणसं आपापल्या कट्ट्यावरून उठून गल्लीत आली, पण भरमूच्या दारापाशी येऊन थबकली. आवाज थांबत थांबत एकेक नाव घेत होता. विहिरीत गेलेली. काविळीनं गेलेली. सासरी जळालेली, जिचं नाव घेताना अजून लोक इकडंतिकडं बघतात. पाचव्या की सहाव्या नावाला कुणीतरी हुंदका दिला, आणि मग प्रत्येक नावाला गल्लीतनं कुणी ना कुणी ओ देऊ लागलं. ‘‘ये गं माझे आई.’’ ‘‘ये बाळा.’’ आधी ते रडणं होतं. मग हळूहळू भीती शिरली, कारण गिरणीवाल्याची म्हातारी एकदम मोठ्यानं बोलून गेली, ‘‘अगं बायांनो, ह्यो मेलेल्यांस्नी जत्रंचं बोलावणं करतोय. वाराच्या दिशी. बोलावल्यावर त्या येणार की गं.’’

कुणी हसलं नाही. जत्रेचं बोलावणं गेलं की लेकीनं यायचंच असतं, आणि येताना वाटेतली दुसरी लेक सोबतीला घेऊन यायची असते. एकटीनं कुणी येत नाही. हे त्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, आणि ते आरोहीलाही त्याच क्षणी आठवलं. छत्तीस नावं झाली की सदतिसावं येणार होतं. ते तिनं ठेवलं होतं. तिला मोजायची गरज नव्हती, तरी ती मोजत होती. एकोणीस झाली. वीस झाली.

‘‘आप्पा,’’ ती म्हणाली. ‘‘शेवटी आक्का हाय.’’

भरमूनं तिच्याकडं बघितलं नाही. त्याचे हात मांडीवर होते, आणि बोटं एकमेकांत अडकवून त्यानं ती अशी आवळली होती की नखं पांढरी पडली. पंचवीस. आरोही उठली आणि दाराकडं वळली. गर्दीतनं गुंडू पुढं झाला.

‘‘पोरी, आज वार हाय. यंतराला हात लावायचा न्हाय.’’ आणि मग भरमूकडं तोंड करून, अगदी मऊ आवाजात, ‘‘व्हय का न्हाय, भरमूअण्णा?’’

हेच शब्द भरमूनं गुंडूला सुनावले होते. आवाज थांबत नव्हता. नाव, मग सासर, मग थोडी उसंत. ज्यांच्या लेकींची नावं घेऊन झाली होती ती माणसं मागं सरकून भिंतीला टेकली होती. एकतीस. बत्तीस. उजाडलेलं असूनही गल्लीत अंधारून आल्यासारखं झालं होतं, आणि मला कुणी काही सांगू दे, त्या वेळी भरमूच्या दारात माणसं दिसत होती त्याहून जास्त उभी होती.

मालुबाई उंबऱ्यावरनं उठली. नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. चारचौघांत ती त्याच्यापुढं कधी उभी राहिली नव्हती.

‘‘आवं,’’ ती म्हणाली, ‘‘माझी तेजस्वी जित्ती हाय.’’

गल्लीनं ते नाव ऐकलं.

‘‘जित्ती हाय. तिला त्यांच्यासंगं हाक जाऊ देऊ नगा. तुमच्या पाया पडते. घरात घेऊ नगा, तोंड बघू नगा, पर मेलेल्यांसंगं तिला बोलावू नगा.’’

चौतीस.

भरमू उठला. बसल्या जागेवरनं उठायला त्याला एरवी भिंत धरावी लागते, ती त्यानं धरली नाही. गुंडू दारात आडवा होता. भरमूनं त्याला ढकललं नाही, नुसतं बघितलं, आणि गुंडू बाजूला झाला. टेबलापाशी जाऊन भरमू लॅपटॉपकडं बघत राहिला. बैलाच्या शिंगाला हात घालणारा माणूस, पण त्या एवढ्याशा यंत्रापुढं त्याला कुठं धरावं ते कळेना.

‘‘आरोही, कुठली कळ?’’

‘‘तू सर आप्पा, मी काढते.’’

‘‘न्हाय. मी ठेवायला लावलं. मीच काढणार. कुठली?’’

‘‘कुठलीबी दाब. बोट लागलं की आवाज थांबतोय.’’

छत्तिसावं नाव झालं होतं. सासर घेऊन झालं होतं. आवाजानं पुढचं घ्यायला जो श्वासासारखा खरखराट काढला, तेवढ्यात भरमूचं साच्याच्या मातीनं घट्टे पडलेलं बोट कळफलकावर पडलं. आवाज थांबला.

आरोहीनं यंत्राला हात न लावता, शेवटची ओळ कशी धरायची आणि कुठल्या दोन कळा एकदम दाबायच्या ते त्याला दाखवलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा नाव तिथनं निघालं. ‘‘आता?’’ ‘‘आता ही दुसरी यादी. आपली ओळ. हितं.’’ त्यानं पुन्हा दोन कळा दाबल्या, आणि नाव आपल्या जागी बसल्यावर त्या पत्र्याच्या आवाजानं ते वाचलं: ‘‘तेजस्वी भरमू. सासर निपाणी.’’

‘‘येणार,’’ दारातनं मालुबाई म्हणाली.

मग ती थांबली नाही. आरोहीला म्हणाली, ‘‘फोन लाव,’’ आणि दहा आकडे घडाघडा सांगितले. ते तिला कुणी दिले, कधीपासून पाठ होते, कुणी विचारलं नाही. फोन वाजला. वाजत राहिला. तुटला. आरोहीनं पुन्हा लावला. भरमू टेबलाशी तसाच उभा होता, आणि नागोजी आज्जा समोरच्या कट्ट्यावरनं देवीचं नाव घेत होता. तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला.

‘‘हॅलो. कोण?’’

अकरा वर्षांनी आरोहीनं तो आवाज ऐकला आणि तिला ओळख पटवायची गरज पडली नाही. ‘‘आक्का, मी. तू बरी हायस?’’

पलीकडनं तेजस्वी म्हणाली, ‘‘आरू? अगं, फोन आत वाजत होता. मी बाहेर गेलते. सकाळधरनं दारात बायका आल्यागत वाटतंय. बांगड्या वाजत होत्या. चल की, चल की, म्हणत होत्या. लई बायका. मला वाटलं गल्लीतल्याच असतील म्हणून चप्पल घालून पार फाटकापातूर गेले. कोणीच न्हाय गं.’’

भरमूनं फोन तिच्या हातातनं घेतला. त्याला काय बोलायचं होतं ते त्याचं त्याला ठाऊक. तोंडातनं एवढंच निघालं, ‘‘घरात जा. दार लाव. मी आल्याशिवाय उघडू नको.’’

त्या लॅपटॉपचं काय झालं म्हणाल, तर आरोहीनं तो बुधवारी विक्रमला दाखवला. त्यानं उघडून, फिरवून, वेळ लावलेला पडदा काढून दाखवला. आठवड्याच्या पाच वारांपुढं खूण होती. मंगळवारापुढं नव्हती. ‘‘मंगळवारी त्यो आपणहून चालू व्हायचाच न्हाय,’’ विक्रम म्हणाला. ‘‘कुणीतरी बटण दाबलं असंल.’’ आरोहीनं वाद घातला नाही. तिनं आणखी एक बघितलं होतं, ते तिनं त्याला सांगितलं नाही. वगळलेल्या नावांचा कागद तिनं घरी परत उघडला तेव्हा त्यातली छत्तीसच्या छत्तीस नावं गेलेली होती. वर नुसतं शीर्षक होतं.

बुधवारी संध्याकाळीच लक्ष्मीच्या देवळात गाव जमलं. वार मोडला की मोडणाऱ्यानं देवीपुढं उभं राहून कुठल्या कामासाठी मोडला ते सगळ्यांदेखत सांगायचं असतं, आणि मग पंच ठरवतात; तोवर त्यानं गावाची वेस ओलांडायची नाही. वार राखणाऱ्यावरच ही पाळी यावी असं गावात कधी झालं नव्हतं, त्यामुळं देऊळ भरून बाहेर पायऱ्यांपर्यंत माणसं होती. गुंडू सगळ्यांत पुढं, खांबाला टेकून. भरमू धुतलेला सदरा घालून, टोपी हातात घेऊन उभा राहिला. अकरा वर्षांपूर्वी गल्लीसमोर घागरी ओतून घेताना जसा ताठ होता तसा नव्हता.

आण्णाप्पा मास्तर पंचांत वडील. त्यांनी विचारलं, ‘‘भरमू, अवजाराला हात लावलास?’’

‘‘लावला.’’

‘‘काय काम केलंस?’’

मालुबाई बायकांच्या बाजूला होती, तिच्याकडं भरमूनं एकदा बघितलं.

‘‘लेकीचं नाव मेलेल्यांतनं काढलं,’’ तो म्हणाला. ‘‘मीच घातलं हुतं.’’

गुंडूनं मान खाली घातली. मास्तरांची तानीबाईही त्या छत्तीसांतली, त्यांनी देवीला हात जोडले. मग रीतीप्रमाणं शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला, पण आवाज पंचाचा नव्हता.

‘‘मग काम पुरं झालं का?’’

‘‘न्हाय, मास्तर,’’ भरमू म्हणाला. ‘‘आणायला जायाचं ऱ्हायलंय.’’